नेबिओलोच्या मागे चार दिवस: टाकीपासून जुन्या बाटलीपर्यंत

पहिला दिवस: आल्बा, बार्बारेस्को

रेड वाइन वर्षानुवर्षं कशी पिकते हे जिभेने शिकायच्या दोन वाटा आहेत. एकाच वर्षाच्या बारा बाटल्या घ्यायच्या, थंड आणि अंधाऱ्या जागी आडव्या ठेवायच्या आणि दर दोन वर्षांनी एक उघडायची. यात आयुष्याची पंचवीस वर्षं जातात. दुसरी वाट इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांमध्ये जाते आणि तिला चार दिवस पुरतात. टाकीत द्राक्षाच्या सालांसोबत मुरत असलेली, लाकडात मुरणारी, बाटलीत पाच वर्षं काढलेली आणि पंचवीस-तीस वर्षं काढलेली वाइन इथे एकमेकींपासून थोड्याच किलोमीटरवर भेटते. द्राक्ष एकच, नेबिओलो. बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही वाइनमध्ये दुसरं द्राक्ष मिसळायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे ग्लासांमधला फरक मुख्यतः काळाचा असतो. मातीचाही असतो, पण ते उद्या.

महिना नोव्हेंबरचा. नेबिओलो उशिरा पिकतं, तोडणी ऑक्टोबरमध्ये होते, आणि त्या दिवसांत तळघरात पाहुण्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. नोव्हेंबरात माणसं मोकळी असतात आणि जुन्या पद्धतीच्या तळघरांत नवी वाइन अजून सालांवर असते. दरीत सकाळी धुकं साचतं. धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात आणि द्राक्षाचं नाव त्यावरून पडलं असं बहुतेक जण सांगतात. आल्बात याच सुमारास पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीची, जत्रा असते. शनिवार-रविवारी खोली मिळत नाही, म्हणून सोमवार ते गुरुवार हे बरे.

तोरिनोहून, म्हणजे ट्युरिनहून, ब्रा मार्गे आल्बाला ट्रेनने तासाभरापेक्षा थोडं जास्त लागतं. आल्बाच्या पुढे मात्र बसवर विसंबू नये, फेऱ्या थोड्या आहेत. गाडी स्वतः चालवायचा विचार असेल तर इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे. दिवसाला पंधरा-वीस वाइन चाखायच्या तर प्रत्येक घोट थुंकला तरी थोडं अल्कोहोल शरीरात जातंच. चालक ठरवून टाकावा.

तळघरांच्या वेळा तीन-चार आठवडे आधी ईमेलने घ्याव्यात आणि जुनी वर्षं चाखायची आहेत हे पहिल्याच ओळीत लिहावं. न सांगता गेलं की बाजारात आलेलं ताजं वर्ष पुढे येतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. दोन माणसांसाठी 1996 ची बाटली कोण फोडेल? तिचे वेगळे पैसे मोजायची तयारी आधीच कळवली की उत्तर वेगळं येतं. दिवसाला दोन तळघरं, जास्तीत जास्त. तिसऱ्यात जीभ काम करत नाही.

बार्बारेस्को गाव म्हणजे तानारो नदीवरच्या कड्यावर एक चौकोनी मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी एक रस्ता. इथली सहकारी वायनरी ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ 1958 मध्ये गावच्या पाद्रींनी 19 शेतकऱ्यांना एकत्र आणून सुरू केली. त्याआधी 1894 मध्ये दोमित्सिओ कावात्सा यांनी असाच प्रयत्न केला होता. चांगल्या वर्षी ही वायनरी नऊ वेगवेगळ्या मळ्यांची वाइन वेगळी भरते. मातीचा फरक शिकायला याहून सोपी शाळा नाही.

पहिल्या दिवशी फक्त एक काम: हल्लीच्या वर्षाची बार्बारेस्को चाखून जिभेला मोजपट्टी लावून घेणं. ही वाइन कायद्याने किमान 26 महिने मुरते, त्यातले 9 लाकडात. ग्लास पांढऱ्या कागदावर 45 अंशांत तिरका धरायचा आणि मधला रंग व कडेचा रंग वेगवेगळे लिहायचे. नवखा माणूस इथेच फसतो. वाइन कोवळी असूनही रंग पातळ, माणकासारखा, आणि कडेला विटकरीची झाक. हिला जुनी समजू नये. नेबिओलोत रंगद्रव्य मुळात कमी, आणि जे असतं त्यात लवकर ऑक्सिडाइझ होणारे प्रकार जास्त. काबर्ने सोविन्यों या दुसऱ्या द्राक्षाची वाइन पंधराव्या वर्षी जशी दिसते तशी ही पाचव्या वर्षीच दिसू लागते. म्हणून नेबिओलोचं वय डोळ्यांनी ठरवू नये.

तोंडात मात्र वय लगेच कळतं. पहिल्या घोटानंतर वरच्या हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कात चघळल्यासारखी आवळते. हा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साल-बियांतून येणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा. आंबटपणा वेगळा, तो जिभेच्या कडांना पाणी आणतो. हे दोन्ही वेगळे ओळखता येईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या वीस वर्षांत यातलं एकच बदलणार आहे.

दुसरा दिवस: ला मोर्रा, बारोलो

ला मोर्रा 513 मीटर उंचीवर आहे. धुकं उतरलं की तिथल्या चौकातून बारोलोचा बराचसा प्रदेश एका नजरेत येतो. बारोलो अकरा गावांत पिकते. ढोबळ नियम असा: पश्चिमेच्या ला मोर्रा आणि बारोलो गावांकडच्या निळसर चुनखडी मातीतली वाइन सुवासिक आणि लवकर मोकळी होणारी, पूर्वेच्या सेरालुंगा आणि मोन्फोर्तेकडची अंगाने कडक आणि जास्त वर्षं मागणारी. नियम ढोबळच आहे. उन्हाची दिशा आणि करणाऱ्याचा हात तो सहज मोडतात.

जुन्या पद्धतीच्या तळघरात नोव्हेंबरात जे दिसतं ते चुकवू नये. आंबवण संपत आली की रसावर तरंगणारी साल लाकडी फळ्यांनी दाबून रसाखाली बुडवून ठेवतात आणि टाकी तशीच 30 ते 60 दिवस सोडतात. याउलट 1980-90 च्या दशकांत नव्या पिढीने फिरत्या टाक्या आणल्या आणि साल काही दिवसांतच काढून टाकली. शिवाय 225 लिटरची नवी फ्रेंच पिंपं, म्हणजे बारिक, वापरली. त्यावरून या टेकड्यांत घराघरांत भांडणं झाली. आज बहुतेक जण मधे कुठेतरी आहेत, त्यामुळे कोणत्या बाजूची वाइन हे लेबलवरून कळत नाही, विचारावं लागतं. 1990 च्या दशकातली बाटली उघडताना तर हा प्रश्न पहिला.

टाकीतून काढलेली नवी वाइन गढूळ, जांभळट, तोंडाला न झेपणारी असते. कच्च्या चेरी, जांभळ्या फुलांचा वास, यीस्ट, आणि दातांवर बसणारा खरखरीतपणा. तिची चव आवडावी अशी अपेक्षाच नाही. पाहायचं एवढंच की आंबट आणि तुरट यांच्या मधे फळाचा गर भरलेला आहे की पोकळी आहे. इथे पोकळी असेल तर वय तिला भरून काढत नाही. वीस वर्षांनी टॅनिन मऊ होतं, पण त्याखाली काही नसेल तर उरतं फक्त आंबट पाणी.

पुढच्या दालनात बोत्ती. ही स्लाव्होनियन ओकची मोठी पिंपं, 2,500 ते 5,000 लिटर आणि त्याहूनही मोठी, कित्येक दशकं वापरात राहणारी. इतक्या मोठ्या पिंपात लिटरमागे लाकडाचा स्पर्श फार कमी, आणि जुनं लाकूड चव देत नाही. त्याचं काम फळ्यांमधून येणारा हवेचा बारीक पुरवठा. त्या ऑक्सिजनने थोड्या अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते रंगद्रव्य व टॅनिन यांच्यामधला सांधा बनतं. सुटे रेणू जोडले जातात, रंग टिकाऊ होतो, टोक बोथट होतं. हवा जास्त झाली तर मात्र वाइन शिळी पडते, म्हणून बाष्पीभवनाने पातळी उतरली की त्याच वाइनने पिंप वरपर्यंत भरत राहतात. मालक हे काम किती दिवसांनी करतो हे विचारावं. चटकन उत्तर देणाऱ्याच्या जुन्या बाटल्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

बारोलोसाठी कायद्याची मुदत तोडणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात. रिझर्वासाठी, म्हणजे जास्त मुरवलेल्या प्रकारासाठी, एकूण 62 महिने. पिंपातून पिपेटने काढलेली दोन वर्षांची वाइन कालच्या बार्बारेस्कोच्या आठवणीशेजारी ठेवली की एक गोष्ट खटकते: वास जवळजवळ नाही. नुकतीच एका पिंपातून दुसऱ्यात उपसलेली असेल तर चारेक आठवडे अशीच गप्प असते. त्यावरून मत बनवू नये.

दुपारी बारोलोच्या किल्ल्यात वाइनचं संग्रहालय आहे. पाऊस असेल तर जावं. ऊन असेल तर त्यापेक्षा कान्नुबीच्या टेकडीवर पायी चक्कर मारावी, पिवळी-तांबडी पानं अजून वेलीवर असतात.

तिसरा दिवस: सेरालुंगा, एकाच मळ्याची सहा वर्षं

आजचा दिवस मुख्य. एकाच मळ्याची, एकाच हाताची वाइन वेगवेगळ्या वर्षांची ओळीने चाखणं, याला व्हर्टिकल म्हणतात. सेरालुंगात ठरवलेली ओळ: 2019, 2016, 2010, 2006, 2003, 1999.

तयारी आदल्या दिवसापासून होते. जुन्या तीन बाटल्या निदान 48 तास आधी उभ्या करायला सांगितलेल्या हव्यात. आडव्या बाटलीत गाळ कडेला चिकटलेला असतो. उभी केल्यावर तो तळाशी बसायला वेळ लागतो, आणि नेबिओलोचा गाळ पिठासारखा बारीक असल्याने इतरांपेक्षा जास्त लागतो. घाई केली तर तो ग्लासात येतो. डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण वाइन कडवट आणि मातकट लागते, आणि दोष वाइनला दिला जातो.

तापमान 16 ते 18 अंश. तळघर 12-14 अंशांचं असतं, त्यामुळे बाटली थेट वर आणून ओतली तर तुरटपणा खोटा वाढलेला भासतो. शेगडीशेजारच्या 22 अंशांच्या खोलीत उलट होतं, अल्कोहोल नाकात चढतं आणि सुवास दबतो. ग्लास सहा, सगळे एकसारखे, पोट मोठं आणि तोंड अरुंद. पहिल्या वाइनचा चमचाभर भाग ग्लासातून फिरवून टाकून द्यायचा, म्हणजे कपाटाचा किंवा साबणाचा वास जातो. प्रत्येकात 50 मिलिलिटर. त्याहून जास्त ओतलं की ढवळता येत नाही.

क्रमाबद्दल दोन मतं आहेत. तरुण ते जुनी असं गेलं तर तरुणांच्या टॅनिनने जीभ बधिर होऊन जुन्यांचा नाजूकपणा हरवतो. उलट गेलं तर तरुण वाइन उगाच रांगडी वाटते. नेबिओलोसाठी आमचा कल असा: सहाही ग्लासांचा वास आधी तरुण ते जुनी घ्यायचा, एकही घोट न घेता. मग घोट जुनीपासून सुरू करायचे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, आणि लाळ परत यायला दीड-दोन मिनिटं लागतात. घाईत चौथी वाइन नेहमीच सर्वांत तुरट निघते, मग ती कोणतीही असो. मधे पाणी आणि ग्रिसिनी, म्हणजे तोरिनोकडच्या पातळ ब्रेडकाड्या. चीज मधे खाऊ नये. त्यातली चरबी आणि प्रथिनं टॅनिन शोषतात आणि साधी वाइनही रेशमी वाटू लागते. विक्रेत्यांना हे चांगलं माहीत असतं.

ग्लासांमध्ये काय होतं ते आता तरुणापासून सांगतो.

2019: गुलाब, लाल चेरी, थोडी पुदिन्याची झुळूक. तोंडात फळ पुढे आणि टॅनिन मागून दणका देणारं. चवीला मोकळी, म्हणजे बोलकी. पहिली दोन-तीन वर्षं बाटलीत अशीच जातात.

2016: संतुलनासाठी नावाजलेलं वर्ष. पण या बाटलीत सुवास अर्धाच, फळ मागे सरकलेलं. ही मिटलेली अवस्था. आंबवणीतून आलेले ताजे फळांचे वास ओसरलेले असतात, वयाचे वास अजून तयार नसतात, आणि तुरटपणा तेवढाच. बाटल्या सर्वांत जास्त वाया जातात त्या इथे. माणूस सात-आठ वर्षं थांबतो, मोठ्या दिवशी उघडतो आणि म्हणतो, ‘एवढंच?’ एकदा मिटलेली लक्षात आली तर ढवळत बसण्यापेक्षा उरलेल्या बाटल्यांना चार-पाच वर्षं हात लावू नये.

2010: थंड, लांबलेलं वर्ष. इथे ओळीतला पहिला वळणबिंदू. गुलाब वाळलेला, त्यामागे डांबर. डांबर हा शब्द बारोलोच्या वर्णनात सतत येतो आणि वाचताना विचित्र वाटतो. उन्हात तापलेल्या नव्या रस्त्याचा वास आठवला की पटतो. टॅनिन अजून भरपूर, पण हिरड्यांना ओरबाडत नाही, पूर्ण तोंडावर सारखं पसरतं. टॅनिन ‘कमी होतं’ असं सरसकट म्हणतात, ते अर्धंच खरं. रेणू जोडले जातात, तुटतात, रंगद्रव्याला चिकटतात, काही गाळ होऊन खाली बसतात. बदलतो मुख्यतः स्पर्श.

2006: अजून ताठ. वयाने 2010 पेक्षा मोठी आणि चवीला तिच्याहून कोवळी. एवढ्या एका ग्लासासाठी व्हर्टिकल करावी. वर्षं मोजून बाटली उघडणाऱ्यांनी या दोन ग्लासांमध्ये दहा मिनिटं घालवावीत.

2003: युरोपभर उष्णतेची लाट आलेलं वर्ष. वासात मनुका, शिजवलेलं फळ, सोया सॉसची छटा. टॅनिन मात्र कोरडं आणि टोकदार, कारण उन्हात साखर भराभर चढली आणि बी-साल मागे राहिली. अशा टॅनिनला मऊ व्हायला वेळ मिळण्याआधीच फळ संपतं. थांबण्यात फायदा नव्हता, ही दहाव्या वर्षी प्यायला हवी होती.

1999: कडेला नारिंगी, मधे विटकरी. वाळलेली गुलाबपाकळी, चामडं, ओली पानं, तंबाखू, आणि हवा लागल्यावर ट्रफलसारखा जमिनीचा वास. तुरटपणा शेवटी येतो आणि सोडून जातो. आंबटपणा जास्त वाटतो, पण तो वाढलेला नाही. आम्ल वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच असतं; त्याला झाकणारं कोवळं फळ गेलं म्हणून ते उघडं पडलं.

सगळे ग्लास तसेच ठेवून दोन तासांनी पुन्हा वास घ्यायचा. 2003 बसलेली असते. 2016 थोडी उघडते. 2006 तासाभरात सुटते, आणि तिच्याकडे आणखी दहा वर्षं आहेत हे त्यावरून कळतं. ग्लासात हवा खाऊन सुधारणारी वाइन अजून चढावर असते, आणि अर्ध्या तासात ढासळणारी उतारावर. याहून चांगली घरगुती कसोटी आम्हाला माहीत नाही.

चौथा दिवस: एक बाटली, सकाळ ते रात्र

शेवटचा दिवस फक्त 1996 च्या एका बाटलीला. थंड वर्ष, आंबटपणा आणि टॅनिन दोन्ही उंच. कित्येक वर्षं ही बाटली कुणालाच आवडत नव्हती.

उघडण्याआधी पातळी पाहायची. आल्बाकडची ‘अल्बेइसा’ बाटली, 1973 मध्ये पुन्हा वापरात आलेली आणि काचेवर उठावाचं नाव असलेली, उतरत्या खांद्यांची असते. त्यामुळे बोर्दोच्या बाटलीसारखं ‘खांद्यापर्यंत’ असं मोजता येत नाही, बुचाच्या खालून सेंटिमीटर मोजावे लागतात. या वयाला तीन-चार सेंटिमीटर ठीक. सहाच्या पुढे गेली तर हवा शिरल्याची शंका घ्यावी. बूच तोंडातून वर आलेलं किंवा कॅप्सूलखाली, म्हणजे बुचावरच्या वेष्टनाखाली, चिकट ओघळ असेल तर बाटली कधीतरी तापलेली आहे.

सकाळी 10. कॅप्सूल ओठाच्या खालून कापून बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. काळी बुरशी दिसली तर घाबरायचं कारण नाही, तळघर दमट होतं एवढाच तिचा अर्थ. जुन्या बुचाला मळसूत्री ओपनर लावला की मधला भाग भुग्यासारखा निघतो आणि कडा काचेला चिकटून राहतात. दोन पात्यांचा ओपनर घ्यावा. लांब पातं आधी, मग आखूड, डावी-उजवीकडे हलवत खाली, आणि शेवटी फिरवत वर. जोराने सरळ ओढायचं नाही. खाली ढकलताना जोर केला तर बूच आत पडतं.

पहिला वास: ओलं गवत, बंद खोली, आळिंबं. इथे निर्णय घाईने करू नये, पण एक फरक माहीत हवा. बंद खोलीचा वास अर्ध्या-पाऊण तासात जातो. बुचाच्या दोषाचा, म्हणजे टीसीएचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेने जात नाही, वाढतच जातो आणि फळ खाऊन टाकतो. नेलपॉलिशचा तिखट वास म्हणजे ‘व्होलाटाइल ॲसिडिटी’, उडून जाणाऱ्या आम्लांचा दोष, तोही सुटत नाही. थोडा असेल तर जुन्या बारोलोत खपून जातो.

डिकँट करायचं का, म्हणजे वाइन बाटलीतून काचेच्या रुंद भांड्यात ओतून घ्यायची का? पंधरा वर्षांच्या आतल्या बारोलोला दोन-तीन तास डिकँटरमध्ये हवं. तिशीच्या आसपास आम्ही गाळ मोकळा असेल तरच ओततो, तेही प्यायच्या थोडं आधी. आज बाटली उघडून 20 मिलिलिटर चाखून तशीच उभी ठेवली. तोंड इतकं अरुंद की हवा हळू लागते, आणि बिघडत असेल तर वेळेत कळतं.

दुपारी 12: बंद वास गेला, वाळलेली गुलाबपाकळी आली. 2 वाजता डांबर, चामडं, ज्येष्ठमध. 4 वाजता ओतली: बाटलीच्या मानेखाली टॉर्च, एका संथ धारेत, मधे न थांबता. थांबून बाटली सरळ केली की गाळ उसळतो. धुरासारखी रेघ खांद्यापाशी आली की बंद. तळाशी 60 मिलिलिटर सोडून दिली.

5 ते 8 हा तिचा काळ. टॅनिन अजून आहे, पण तो आता स्पर्श आहे, अडथळा नाही. चव गिळल्यावर तीस-चाळीस सेकंद राहते. सोबत तायारिन, अंड्यातल्या पिवळ्या बलकाचे बारीक शेवयांसारखे पास्ते, लोण्यात परतलेले, वर किसलेला पांढरा ट्रफल. ट्रफल महाग आहे आणि तासभरात वास सोडतो, म्हणून ताटातच किसून घ्यावा. ट्रफल आणि जुन्या नेबिओलोचा वास इतका जवळचा की कोणता कुठून येतो ते कळेनासं होतं. 9 नंतर वाइन मागे सरकू लागली. रात्री 10 ला मांसाच्या सुपाचा वास, मग फक्त आंबट.

घेऊन जायच्या बाटल्यांचं गणित: भरलेली बाटली साधारण 1.3 किलो, सहांचे आठ किलो, आणि त्या चेक-इन सामानातच. एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या सहा घ्याव्यात. बाजारात आल्याबरोबर एक, मग मिटलेली वर्षं वगळून दहाव्या, तेराव्या, सतराव्या वर्षी एकेक. उरलेल्या दोन त्या वेळच्या चवीवरून ठरवायच्या. मॅग्नम परवडत असेल तर घ्यावी, दीड लिटरला हवा त्या मानाने निम्मी मिळते आणि ती सावकाश पिकते. 375 मिलिलिटरची अर्धी बाटली तेवढीच लवकर पुढे जाते, त्यामुळे एखाद्या वर्षाचं भविष्य पाहायला ती उपयोगी. प्रवासानंतर तीन-चार आठवडे कुठलीच उघडू नये.

सकाळी 7 वाजता, ट्रेनच्या आधी, टेबलावर रात्रीचा ग्लास होता. तळाशी विटकरी पूड, वर बोटभर तपकिरी वाइन. वासात शिळा चहा, आणि नाक अगदी आत नेलं तर गुलाब, अजून थोडासा.